आत काही पेटलंय का?

नाय साहेब, गाडी अजून आत घेऊ नका — तिथंच, त्या लिंबाखाली राहू द्या, सावली हाय चांगली — आशाबाई, तू डिझेलची नळी उचलू नको, थांब जरा. हां, तर मी काय विचारलं तुम्हाला? मागं जोडलेल्या डब्ब्यात काही पेटलंय का, एवढंच विचारलं. अन् तुम्ही काय सांगितलं? काही नाही मावशी, नुसता फ्रीज चालू आहे. मग फ्रीज कशावर चालतो तुमचा? गॅसवर. तुम्हीच म्हणालात. म्हणजे त्याच्या बुडाला बारीक का व्हईना, जाळ असणारच की. करंगळीच्या नखाएवढा असंल — असू द्या. मोठा का बारका ते मला नाय ऐकायचं, पेटलेला हाय का विझलेला तेवढं सांगा. राग नका मानू. तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाय. तुम्हाला खरंच वाटलं, आत काही पेटलेलं नाय. फ्रीज म्हणजे गार वस्तू, त्याच्यात जाळ कोण धरतं? मला त्याचंच तर भ्या वाटतं. लबाड माणसाचं नाय वाटत, लबाडी तोंडावर दिसती. खऱ्या माणसाचं वाटतं.

काय म्हणता, घाई हाय? कन्नडला जेवायला थांबायचंय? थांबाल की, कन्नड कुठं पळून चाललं. आधी ताईंना अन् लेकराला खाली उतरवा. झोपलीय? मग झोपेतच उचला अन् त्या बाकड्यावर निजवा, माझी ही गोधडी घ्या खाली — धुतलेली हाय. आता फ्रीज बंद करा. केला? अन् टाकी? नाय नाय, बटण बंद केलं म्हणजे झालं असं नसतं. टाकीच्या मुंडीवरचा खटका फिरवा, टाकीपाशी जाऊन. शेगडीचं बटण बंद केलं की गॅस बंद झाला असं समद्यांना वाटतं, घरोघरी वाटतं — टाकी तर चालूच असती. रस्त्याच्या हादऱ्यानं नळी ढिली झाली तर बटणाला काय कळतंय? अन् दारं-खिडक्या समद्या उघडा. हा गॅस धुरासारखा वर नाय जात, खाली बसतो, फळीला धरून, पाण्यावाणी. फक्त पाणी दिसतं, हा दिसत नाय. वारं फिरू द्या त्याच्यातनं, मग घ्या गाडी आत. हे मला कुणी शिकवलं म्हणता? कुणी शिकवलं नाय. पोलिसातला एक माणूस आमच्या अंगणात बसून सांगत होता, चांगला माणूस होता, समजावून सांगत होता — समदं झाल्यावर. तोवर मला काय ठाऊक, गॅस वर जातो का खाली.

बसा. उभं राहून वारं लवकर नाय फिरत. मी राजाबाई, झाडलोट करते इथं. अन् मागं काही जोडलेलं वाहन आलं की आधी माझ्यापाशी थांबवायचं, अशी आप्पासाहेबांची ताकीद हाय — पंप त्यांचा. मी आपणहून त्यांच्याकडं गेले होते. म्हणलं, मला पगार द्या न द्या, मला तिथं उभं राहून एक गोष्ट इचारू द्या लोकांना. ते म्हणले, या उद्यापासनं. मग कुणाची ट्रॉली असू द्या, लग्नाच्या आचाऱ्याचा गाडा असू द्या, मी आडवी व्हते. तुमच्यासारखं चाकावरचं घर मात्र पहिल्यांदाच बघितलं. आत पलंग, मोरी, पडदे — बरं वाटलं बघून, खरं सांगते. आमचं बी फिरतंच घर होतं की. आम्ही धनगर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं, घोड्याच्या पाठीवर समदा संसार — भांडी, वाकळा, कोंबड्यांचं खुराडं, अन् त्याच्यावर लेकरू बांधलेलं. माझा मल्हारी असाच वाढला, घोड्याच्या पाठीवर डुलत. त्याला जमिनीवर ठेवलं की रडायचा. मग मोठा झाला अन् गाडी शिकला, म्हणायचा, आई, घोडा काय अन् जीप काय, बूड हललं पाहिजे. थोरला का म्हणता? थोरला, धाकटा, एकच होता. व्हय. होता.

नाय, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता. तुम्ही विचारलं, मी सांगितलं. तुम्ही शहरातल्या पुंडलिकनगरचे म्हणालात ना, तिथं नवरात्राची ज्योत आणतात का हो? काही मंडळं आणत असतील. आमचं गाव आणतं तुळजापुराहून. पोरं तिथं जातात, भवानीच्या दिव्यावर मशाल पेटवतात अन् पळत गावापर्यंत आणतात — एक दमला की दुसऱ्यानं घ्यायची, भुईवर टेकवायची नाय, विझू द्यायची नाय. ती गावात आली की तिच्यावर घटाचा दिवा लागतो. मागनं एक गाडी असती, दमलेल्यांना बसायला. त्या साली मंडळानं मल्हारीच्या जीपला मागं ट्रॉली जोडली, वर ताडपत्री बांधली. म्हणले, हॉटेलात खर्च नको, आपला सैपाक आपल्यासोबत. त्याच्यात शेगडी, गॅसची टाकी, पिठाचं पोतं — अन् एक कंदील. कंदील कशाला? तो ज्योतीवरच लावलेला असतो. वाऱ्यानं मशाल गेली तर परत तुळजापूर गाठायला लागू नये, म्हणून तीच ज्योत कंदिलात जपून आणायची, जुनी रीत हाय ती. हेलकावे बसून सांडू नये म्हणून वाळूच्या घमेल्यात ठेवलेला, खाली, फळीवर. शेजारी टाकी.

पाचोडच्या अलीकडं कुठंतरी डिझेलला थांबले. दिवसाउजेडी, चांगलं ऊन होतं. मशाल घेतलेली पोरं शहाणी — ती लांब सडकेवरच उभी राहिली, पंपाच्या जवळ बी आली नाय. मल्हारीनं गाडी आत घेतली. पंपावरच्या माणसानं विचारलं — बिचाऱ्यानं चांगलं विचारलं, त्याला मी कवा बोल नाय लावला — आत काही पेटलेलं हाय का? मल्हारी म्हणला, नाय, शेगडी बंद हाय. सैपाकाला घेतलेला पुंजाराम आत पोळ्या लाटून पडला होता, त्यानं बी आतनं सांगितलं, माझ्या हातानं बंद केलीय. दोघं खरं बोलले साहेब. कंदील पुंजारामच्या उशाशी जळत होता, मल्हारीनं सकाळी त्याच्यात तेल घातलं होतं. पण तो देवीचा दिवा. त्याला जाळ कोण म्हणंल? जाळ चुलीतला, शेगडीतला, बिडीचा. दिव्याला आपण हात जोडतो. तो बी जाळच असतो, हे कुणाच्या ध्यानातच नाय आलं. माझ्या बी नसतं आलं. तुमच्या फ्रीजवाणीच झालं की ते — बघितलं, अन् दिसलं नाय.

गाडी पळत होती तवर ताडपत्रीतनं वारं जात होतं, नळीतनं गळलेला गॅस आपोआप उडून जात होता. गाडी थांबली अन् वारं थांबलं. असं तो पोलिसातला माणूस सांगत होता. पुंजारामला वास आला, तो ओरडला. मल्हारीनं ताडपत्री वर करून त्याला दंडाला धरून बाहेर वढलं. पुंजाराम जित्ता हाय, दिवाळीला येतो, पाया पडतो, चहा पिऊन जातो. अन् मल्हारी — मल्हारी परत आत गेला. पुंजाराम सांगतो, नुसतं “दिवा” म्हणला अन् गेला. मग एकदम उजळलं. पंपाच्या माणसांनी वाळू टाकली, काय काय टाकलं, पंपाला धक्का नाय लागला, दुसऱ्या कुणाला काही नाय झालं. नुसती ट्रॉली. नुसता माझा मल्हारी. शहरात नेईपर्यंत संपलं होतं. त्याच्यासाठी पोरगी बघून ठेवली होती आम्ही, घाटाखालची.

गावानं वेशीत त्याचा फोटो लावला, खाली लिहिलं, ज्योतीसाठी देह ठेवला. मी त्या वेशीतनं जात नाय. बांधावरनं येते पंपावर, लांब पडतं, पडू द्या. दिवा वाचवायला गेला म्हणतात. मी म्हणते, माझं पोरगं एवढं खुळं नव्हतं. वास आला, ध्यानात आलं त्याच्या, अन् तो दिवा मालवायला गेला. मालवायलाच गेला असंल. पण मग साहेब, मला झोप येत नाय ती पुढच्या गोष्टीनं. काच उचलून नुसती फुंकर मारायची होती. अन् आमच्यात दिवा फुंकत नायत. लेकरू बोलायच्या आधी त्याला हे शिकवलेलं असतं — दिव्याला तोंडाचा वारा लागू द्यायचा नाय, फूल घ्यायचं अन् त्यानं हळूच वात तेलात सारून मालवायची. तुमची लेक वाढदिवसाला मेणबत्त्या फुंकत असंल, लेकराचं कौतुक असतं, फुंकू द्या. पण माझ्या पोरानं जन्मात दिवा फुंकलेला नाय. मग त्या घडीला, त्या ताडपत्रीच्या आत, तो फूल हुडकत होता का? हे मी कुणाला विचारू? वेशीतल्या फोटोला विचारू?

पाणी नको मला. तुम्ही प्या. खिडकी उघडी ठेवा, लावू नका अजून.

मल्हारीच्या बापाचं निराळंच झालं. लोक त्यांना सूर्यभान म्हणतात, मी एरवी नाव नाय घेत. ते रडले नाय. मशाल तर गावात आली होती ना, पोरांनी विझू दिली नव्हती. दिवसपाणी झालं अन् ते मंडळात गेले, त्या ज्योतीवर एक पणती लावून घेतली, पदरासारखा रुमाल धरून घरी आणली अन् देवळीत ठेवली. म्हणले, कंदील बी हिचाच होता. ह्याच्यात माझा मल्हारी हाय. बरं म्हणलं मी. माणसाला काहीतरी लागतं. पण तवापासनं, साहेब, तो माणूस घराबाहेर गेला नाय. दिवा एकटा कसा सोडायचा? मेंढरं विकली. घोडा देऊन टाकला. सख्ख्या भावाच्या मयताला गेले नाय, खंडोबाच्या जत्रेला गेले नाय. ज्याला छपराखाली झोप लागायची नाय, पावसात बी बाहेर बसायचा, तो माणूस भिंतीला पाठ लावून वातीकडं बघत बसतो. तेल आणायचं मी, वाती वळायच्या मी, कमवायचं मी — त्याचं काही नाय हो. हात चालतात माझे. पण मी बी हाय ना तिथं? माझ्याकडं बघत नायत. मल्हारी गेला अन् हे बी गेले, दोघं त्या देवळीत जाऊन बसले. मी बाहेर राहिले.

अन् घरात गॅस. सरकारी टाकी मिळाली होती, देवळीखालीच ओटा. मी म्हणलं, दिवा इकडं अन् टाकी तिकडं, मला नाय सोसत, दिवा बाहेर ठेवा. ते म्हणले, दिव्यानं काय व्हतंय. अहो, पोरगं गेलं तरी म्हणतात, दिव्यानं काय व्हतंय. मी भांडले, लई भांडले, एक दिवस जेवले नाय. मग टाकीच काढली घरातनं. आता अंगणात चुलीवर करते. धुरानं डोळे जातात, जाऊ द्या.

तुम्हाला एक सांगू का? नाय, राहू द्या. तुम्ही वाटसरू, तुम्हाला काय — बरं, वाटसरू हाय म्हणूनच सांगते. गावात बोलू नका, तुमची गाडी कुठं गावातनं जायचीय? तो दिवा आता तुळजापूरचा नाय. लई दिवस झाले. त्यांना ताप आला होता, फणफणले होते, मी औषधाला खुलताबादला जाऊन आले, बघते तर देवळीत काळोख. वात कोरडी. ते निजलेले. मला काय सुचावं? उठले अन् बघितलं तर हा माणूस परत उठायचा नाय, एवढंच डोक्यात आलं. चुलीपासची काडीपेटी घेतली, पेटवला. हात असा थरथरत होता की तीन काड्या मोडल्या. सांजच्याला त्यांनी डोळे उघडले, देवळीकडं बघून हात जोडले अन् म्हणले, आज ज्योत कशी तेजात हाय बघ. मी पाठ फिरवली अन् पीठ चाळत बसले, चाळलेलंच परत चाळलं. मग काय, एकदा झालं ते झालं. वाऱ्यानं गेला तवा पेटवला, मांजरानं पाडला तवा पेटवला. दुकानातल्या काडीपेटीचा जाळ तो. त्याच्यासमोर ते मल्हारीशी बोलतात, मेंढरांचं सांगतात, पाऊस कसा हाय सांगतात. मी ऐकते. मला कवा कवा वाटतं, ओरडून सांगावं, अहो त्याच्यात कुणी नाय, माझ्याकडं बघा. अन् मग वाटतं, सांगितलं तर हे तरी राहतील का? म्हणून गप बसते. तुम्हाला हे का सांगतेय मी? मी कुणाला नाय सांगितलं. आज सकाळपासनं पोटात काही नाय, म्हणून असंल, डोकं चालत नाय.

जेवण? नाय, आणलं नाय आज. आणलं नाय म्हणजे — राहिलं घरी. अर्ध्या वाटेत आले अन् ध्यानात आलं, भाकरीचं फडकं चुलीपाशीच राहिलं. परत फिरले. दार लोटलेलं होतं, फटीतनं बघितलं — आत देवळीत काळोख. गेलेला दिवा. म्हणलं, आज दिसलं ह्यांना, आज संपलं. अन् बघते तर ते देवळीपुढं मांडी घालून बसलेले, शांत. उशीखालनं काडीपेटी काढली. बिडी त्यांनी कवाच सोडलीय, साहेब, त्यांच्या उशीखाली काडीपेटी कशाला? एक काडी ओढली, हाताचा आडोसा केला, वात लावली. हात थरथरला नाय. एकच काडी लागली. जळकी काडी विझवून कोपरीच्या खिशात टाकली, मला सापडू नये म्हणून. ते काही पहिल्या खेपेचं नव्हतं. पहिल्या खेपेचा हात मला ठाऊक हाय.

मी फडकं नाय उचललं. तशीच मागं सरले. पायाखाली पत्रा वाजला, त्यांनी वळून बघितलं का नाय, ठाऊक नाय, मी बांधाला लागले होते. सकाळपासनं तेच चाललंय डोक्यात. म्हणजे त्यांना बी ठाऊक हाय, त्याच्यात मल्हारी नाय. कवापासनं ठाऊक असंल? मग कुणासाठी पेटवतात? माझ्यासाठी? मी संध्याकाळी घरी येते तवा मला दिसावा म्हणून? मी त्यांच्यासाठी पेटवत होते अन् ते माझ्यासाठी, अन् दोघं त्याच्या दोन बाजूंनी बसून होतो, एवढे दिवस, एक शब्द न बोलता. तो माणूस माझ्यासाठी कोंडून घेऊन बसला होता घरात. मला हसावं का रडावं कळेना. तुम्ही म्हणता सांगून टाका. कसं सांगू? कुणी आधी सांगायचं? मी म्हणलं, दिवा खोटा हाय, तर त्याच्यापुढं बोललेलं समदं खोटं झालं का? अन् मग संध्याकाळी आम्ही दोघांनी कशाकडं बघत बसायचं?

फिरलं वारं आता. लावा खिडक्या. टाकी बंदच ठेवा, पंप सुटून लांब जाईस्तवर चालू करायची नाय, फ्रीजमधलं काय नासायचं ते नासू द्या. लेक उठली बघा तुमची. घ्या तिला, पण डब्ब्यात नको, पुढं घ्या, आईच्या मांडीवर. गाडी हळू घ्या आत. आशाबाई, आता उचल नळी, ह्यांचं बघितलंय मी.

थांबा. ते कोण येतंय बांधावरनं? नाय, तुम्ही तिकडं नका बघू, सरका जरा, उन्हाचं दिसत नाय मला. हातात काठी हाय. थांबत थांबत येतंय कुणीतरी, चालायची सवय मोडल्यासारखं. आमच्या वस्तीवरनं दुसरं कोण येणार इकडं? साहेब, ते हायेत. मल्हारीचे बाबा हायेत ते. हातात माझं फडकं हाय, भाकरीचं, लाल काठाचं. अन् घरी तर कुणीच नाय आमच्या. मग दिवा कुणापाशी सोडून —

नाय, काही नाय. डिझेल भरलं का तुमचं? मग निघा. पैसे आशाबाईकडं द्या, मला काही इचारू नका आता. जा तुम्ही. आम्हाला दोघांना जेवायचंय.